टोकाचा उपास

अठ्ठावीस वर्षं मी लोकांना शॉक द्यायचं काम केलं. पगारी, पांढरा कोट घालून, दिवसाढवळ्या. गल्लीत मला 'करंटवाले' म्हणायचे आणि भाजीवाली माझ्या बायकोला 'करंटवाल्याची बाई' म्हणून ओळखायची. एकदा समोरच्या घरचा माणूस मीटर जळालं म्हणून मला बोलवायला आला. मी दवाखान्यात असतो म्हटलं, तर म्हणाला, "मंग तिथली लाईट बघता व्हय?" मी हो म्हणून टाकलं. खरं काय ते समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि मला चहा प्यायचा होता.

तो अर्धा तास आज घेतो. आता कुठं जायचं नाही, कुणी वाट बघत नाही.

तेव्हाचं औरंगाबाद, आत्ताचं संभाजीनगर. तिथल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या पलीकडं माझी खोली होती. दारावर 'मज्जातंतू तपासणी' अशी पाटी. आत एक खाट, एक यंत्र, एक टेबल फॅन आणि गरम पाण्याची एक बादली. बादली पाहून नवे पेशंट बिचकायचे. करंट आणि पाणी एका खोलीत म्हणजे हा माणूस आपल्याला मारतोय, असंच त्यांना वाटायचं.

धंदा काय, ते आधी सांगतो. तुम्ही पायाचा अंगठा हलवता तेव्हा हुकूम निघतो मेंदूतून, पण शेवटचा टप्पा पार पाडते ती कमरेच्या मणक्यात बसलेली एक पेशी. डोळ्याला दिसणार नाही एवढी बारकी. तिच्या अंगातून एक तार निघते आणि मांडी, गुडघा, पोटरी, घोटा करत थेट अंगठ्यापर्यंत जाते. सलग, मध्ये कुठं जोड नाही. डॉक्टर तिला ॲक्सॉन म्हणतात, मी तारच म्हणतो. पेशी मोहरीहून कितीतरी लहान आणि तार आपल्या पायाएवढी लांब, असा हा उफराटा कारभार आहे.

विजेच्या तारेला जेवण लागत नाही, हिला लागतं. एकेक निरोप गेला की तारेच्या आतबाहेर झालेली क्षारांची सरमिसळ परत जागेवर लावावी लागते आणि त्या कामाला ताकद लागते. तुम्ही झोपलात तरी लागते. ही ताकद कमरेतल्या पेशीनं तिथूनच पाठवायची म्हटली तर वाटेतच संपेल. म्हणून साखर जाळून ताकद काढणाऱ्या बारक्या भट्ट्या, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना, त्या तारेच्या आतून रुळावरून सरकावं तशा पुढं जातात आणि ठिकठिकाणी मुक्काम टाकतात. अंगठ्यापर्यंत पोचायला त्यांना कैक दिवस लागतात. दमलेल्या माघारी येतात, नव्या जातात. शिवाय तारेभोवती दुसऱ्या पेशी गुंडाळलेल्या असतात. लोकांना वाटतं ते नुसतं वेष्टन. तसं नाही, त्या साखर अर्धी मोडून तारेला भरवतात, आई लेकराला घास बारीक करून देते तशा. हे सगळं बिनबोभाट चाललेलं असतं म्हणून आपण चप्पल सरकवून कोपऱ्यावर जाऊन येतो.

यात कुठं बिनसलं की आधी मरतं ते तारेचं टोक. जायकवाडीचा कालवा ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी सुटलं की तोंडाशी असलेल्या हेडवाल्याचा ऊस हिरवाच राहतो आणि शेवटाला असलेल्या टेलवाल्याचं वावर वाळतं. म्हणून आजार मधुमेहाचा असो, दारूचा असो की उपासमारीचा, सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मग तळवा, मग घोटा. गुडघ्यापर्यंत चढला की हाताची बोटं धरतो, कारण हाताच्या तारेची लांबीही साधारण तेवढीच असते. पेशंट येऊन म्हणायचा, "सायेब, आता हाताला बी मुंग्या यायल्या," की मी न विचारता त्याच्या गुडघ्याखाली टाचणी लावून बघायचो.

माझं काम एवढंच. घोट्याजवळ आणि गुडघ्यामागं हलका करंट द्यायचा आणि पायाच्या स्नायूपर्यंत तो कसा पोचला हे पडद्यावरच्या लहरीत बघायचं. लहर वेळेत आली पण बुटकी आली, तर समजायचं तारा मेल्यात. उशिरा आली, तर वेष्टन खराब. वेष्टन पुन्हा चढतं. मेलेली तार पुन्हा वाढली तर मुंगीच्या पावलानं वाढते, आणि पुष्कळदा वाढतच नाही.

हे मला शिकवलं रज्जाकभाईंनी. माझ्या आधी ती खोली त्यांची होती. नोकरीच्या पहिल्याच थंडीत वाळूजच्या कारखान्यातला एक कामगार सकाळी सकाळी मोटारसायकलवर आला. मी तपासणी केली, सगळ्या लहरी उशिरा. मी मोठ्या ऐटीत कागदावर आकडे लिहिले. रज्जाकभाईंनी आकडे वाचले नाहीत, त्याच्या पावलाला हात लावला आणि मला येड्यात काढत म्हणाले, "हौले, पाव तो बरफ है इसका. पैले गरम कर." बादलीत पाय बुडवून बसवला, पुन्हा तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. थंड पायात करंट हळू चालतो, एवढंच. तो कामगार बिचारा घरी गेला. माझा कागद गेला असता तर त्याच्या मागं एखादा आजार चिकटला असता आणि कदाचित नोकरीही गेली असती. बादली तेव्हापासूनची.

रज्जाकभाईंचा दुसरा नियम त्याहून कडक होता. "मूँ बंद. रिपोट डाक्टर बोलेगा, तू नै." पेशंट कितीही गयावया करो, काय निघालं ते आपण सांगायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. ते निवृत्त होताना मला हेच पुन्हा सांगून गेले. मी मान डोलावली होती.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. अजिंठ्याकडचा एक मेंढपाळ आजोबा होता. त्याला वाटायचं करंट हाच इलाज आहे. तपासणी झाल्यावर उठेचना. "लई मोकळं वाटलं. अजून दोन द्या." महिन्यानं परत हजर, कागद नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. मी हाकलला तर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. शेवटी यंत्र बंद ठेवून नुसत्या पट्ट्या लावल्या, पाच मिनिटांनी काढल्या. तो हात जोडून गेला. मला हसू यायला पाहिजे होतं, पण त्याच्या तळव्याला काट्यानं पडलेली भोकं मी पाहिली होती आणि त्यातली एकही त्याला दुखत नव्हती.

दुसरी गंमत शब्दांची. आमच्याकडं पाय 'बहिरा' होतो. म्हणजे बधिर. बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं 'बहिरं झालं' एवढंच ऐकलं आणि म्हातारीला कानाच्या विभागात पाठवलं. ती अर्धा दिवस तिथं बसून आली. तिथल्यांनी कान साफ करून दिले. त्या डॉक्टरला मी पुष्कळ दिवस चिडवायचो. दुसऱ्याच्या अशा चुकांवर मी लई हसलोय. माझी मात्र एक माणूस सोडला तर कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

सुमन आली तो बुधवार होता. वार पक्का लक्षात आहे, का ते कळेलच. देवगाव रंगारीची, पस्तिशीची बाई. नवरा कैलास वाळूजच्या एका कारखान्यात, गावाहून मोटारसायकलवर ये-जा करायचा. शेती दोन भावांत थोडीशी. त्या दिवशी सोबत सासू होती, नवरा नव्हता. सुमनच्या तळव्यांची आग व्हायची, रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळायची. मग चप्पल कधी निसटली ते कळेना. मग दोनदा ओट्यावरून पडली. अधूनमधून उलट्या. वरच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर 'आहार : व्यवस्थित' असं लिहिलं होतं आणि सोमवारी रिपोर्ट घेऊन बोलावलं होतं.

बाई गोड होती. करंटाला घाबरलेली, पण सासूसमोर दाखवत नव्हती. घाबरलेल्या माणसाचे स्नायू आखडतात आणि लहर नीट येत नाही, म्हणून मी पेशंटला बोलण्यात गुंतवायचो. पाऊसपाणी, लेकरं, जेवण. पट्टी चिकटवता चिकटवता विचारलं, "काय जेवून आलात आज?"

"जेवण नाय. फराळ," ती म्हणाली.

"बुधवारचा कसला फराळ? कोणता देव धरलाय बुधवारचा?"

"हाय एक," म्हणून ती हसली. सासू खिडकीबाहेर बघत होती. मीही हसलो आणि बटण दाबलं.

तपासणीच्या कागदाच्या तळाशी 'इतर माहिती' असा एक रकाना होता. मी तो कधीच भरत नसे, कुणी वाचतही नसे. त्या दिवशीही कोरा सोडला.

पायाच्या लहरी वेळेत आल्या, पण अगदी बुटक्या. तारा मरायला लागल्या होत्या. हातांच्या लहरी ठीक होत्या. मी आकडे लिहिले आणि कागद बंद पाकिटात घातला. सुमन चप्पल घालायला वाकली, तर तिला पाऊल चपलेत गेलं की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. सासू माझ्याजवळ आली. साठीची बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

"सायेब, काय निघालं वो?"

"डॉक्टर सांगतील सोमवारी."

"सोमवार लांब हाय. लई गळून गेलीय लेकरू. गावात डॉक्टर हाय, एखादी सलाईन लावावी का?"

आणि मी म्हणालो, "लावा की. ताकद येईल."

बस, एवढंच बोललो. दार उघडं होतं, पुढचा पेशंट आत येत होता, मला तिला वाटेला लावायचं होतं. सलाईन लावू का असं आमच्याकडं लोक चहा घेऊ का म्हणून विचारावं तसं विचारतात. गळून गेलं की सलाईन. ताप आला, सलाईन. पाहुणा आजारी माणसाला भेटायला आला की पहिला प्रश्न, सलाईन लावली का. बाटली टांगल्याशिवाय घरच्यांना समाधान वाटत नाही. मीही याच मातीतला. रज्जाकभाईंचा नियम त्या क्षणी मला आठवलासुद्धा नाही.

सोमवारी सुमन ओपीडीत आली नाही, कारण ती शनिवारीच वॉर्डात दाखल झाली होती. मला कळलं ते वॉर्डातून बोलावणं आलं तेव्हा. फिरतं यंत्र घेऊन वर गेलो, तर खाटेवर ती. ओळखलंच नाही आधी. डोळे इकडून तिकडं थरथरत होते, पाय लाकडासारखे पडलेले, आणि सासूला ती 'आक्का' म्हणून हाक मारत होती. आक्का म्हणजे तिची वारलेली बहीण.

वॉर्डात पाटील मॅडम होत्या. शिकाऊ डॉक्टर, पण जालन्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी मला यंत्र लावू दिलं आणि लावता लावता सगळं सांगितलं. त्यांना राग आलेला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

कैलासला चार महिन्यांपूर्वी अपघात झाला होता. मोटारसायकल घसरली, डोक्याला मार, पाय मोडला. शुद्धीवर येईना. तेव्हा सुमननं देवीला बोलून ठेवलं, की हे पुन्हा ड्युटीला जातील त्या दिवशीच मी अन्न शिवीन, तोवर नाही. कैलास वाचला, घरी आला, पण कारखाना त्याला लगेच घेईना. आज या, उद्या या, अजून एक कागद आणा. सुमनचा उपास लांबत गेला. आधी भगर आणि शेंगदाणे खायची. मग एकदा भगरीनं उलट्या-जुलाब झाले, भगर सोडली. शेंगदाण्यानं पित्त उसळायचं, तेही सोडलं. उरला साबुदाणा. तो पाण्यात शिजवून साखर घालून, आणि वर गोड चहा. तीन महिने.

वरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "खाणं नीट आहे ना?" सासू म्हणाली होती, "हाव, पोटभर खाती." खोटं काहीच नव्हतं. विचारणारा शहरातला होता. आमच्यात भाकरी म्हणजे जेवण, साबुदाणा म्हणजे फराळ. फराळ पोटभर केला तरी माणूस उपाशीच असतो, पण हे 'जेवता का' असं विचारलं तरच बाहेर येतं. पाटील मॅडमनी शनिवारी नेमकं तेच विचारलं आणि सासू म्हणाली, "जेवत नाय. नवस हाय तिचा." तेवढ्यानं त्यांना सगळं कळलं.

साबुदाण्यात ताकद आहे, पण ती जाळायला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं. भाकरीत ते असतं, डाळीत असतं, साबुदाण्यात आणि साखरेत नसल्यातच जमा. शरीरातला साठा थोडक्या आठवड्यांचा. तो आटला की तारेतल्या त्या भट्ट्यांसमोर साखरेचा ढीग पडून राहतो आणि त्या विझत जातात. पोट भरलेलं आणि तार उपाशी. टोकापासून मरत येते. सुमनचं तेच झालं होतं, आणि बुधवारी ते पायांपुरतंच होतं. तेव्हा बी-वनची सुई मिळाली असती तर पुष्कळ काही वाचलं असतं.

"त्यात कुणीतरी हिला ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवसांत तीन. उरलंसुरलं बी-वन होतं ते त्या साखरेमागं खर्ची पडलं. मग मेंदूच बसला. साधी गोष्ट आहे हो, आधी सुई, मग साखर. कुणी सांगितलं यांना सलाईन लावायला?"

माझ्या हातात पट्टी होती. मी ती सुमनच्या घोट्यावर दाबून धरली. सासू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. चांगलं नीट बघितलं, ओळखून. मग मॅडमकडं वळून म्हणाली, "आमचं आम्हीच लावली."

मी यंत्र ढकलत खाली आलो आणि खोलीचं दार आतून लावून बसलो. बाहेर पेशंट थांबलेले होते. मला रडू आलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज मात्र अजून गेलेली नाही.

सुमन जगली. बी-वनच्या सुया सुरू झाल्या, डोळे थांबले, हातात ताकद आली. आणि दवाखान्यातून घरी गेल्यावर काही दिवसांनी कैलासला कारखान्यानं परत घेतलं. हे सगळं मी इकडून तिकडून ऐकत होतो. वॉर्डात पुन्हा गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

सहा महिन्यांनी फेरतपासणीचा कागद आला. त्यावर तिचं नाव. मी बाहेर डोकावलो तर बाकड्यावर तिघंही बसलेली. या वेळी कैलास होता, थोडा लंगडणारा, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं. मला वाटलं शिफ्ट करून थेट आला असेल. त्यानं सुमनला दोन्ही हातांनी धरून आत आणलं. ती पाऊल उंच उचलून आपटत टाकत होती, खाली काय आहे ते कळत नसलेली माणसं टाकतात तसं.

"ओळखलं का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या आत्याच्या गावचे." हसून म्हणाली. मी तिच्या कुठल्याच आत्याच्या गावचा नाही.

पावलांच्या लहरी आल्याच नाहीत. मी पुन्हा करून बघितलं, पाय बादलीत बुडवून शेकले, करंट वाढवला. पडद्यावर सरळ रेघ. सुमनला करंट कळतच नव्हता, ती फॅनकडं बघत पडून होती. कैलास उशाशी उभा राहून पडद्याकडं बघत होता. तो म्हणाला, "नशीब म्हना सायेब, गावात सलाईन तरी भेटली. नायतर इथवर पोचलीच नसती."

सासू खाली बघत राहिली.

तपासणी उरकली. दुपार झाली होती, त्यांनी डबा आणला होता. मी म्हटलं, इथंच जेवा, बाहेर ऊन आहे. सासूनं खाटेवर फडकं पसरलं, भाकरी आणि वरण काढलं. सुमननं ताटाकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"हे ड्युटीला गेले का?"

कैलास तिच्या शेजारी बसला होता. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी आली. "अजून घरीच का तुम्ही? घेतलं नाय का त्यांनी?"

"हे काय, निघालोच," कैलास म्हणाला. उठला, शर्टाची गुंडी लावली, खिशावरून हात फिरवला आणि खोलीच्या बाहेर गेला. सासू म्हणाली, "गेला बघ. आता जेव." तेव्हा तिनं भाकरी मोडली.

मी समजून चुकलो. बी-वन आटलं की मेंदूतला आठवण ठेवणारा भागही जातो. जुनं शाबूत राहतं, नवं टिकत नाही. नवस तिला आठवत होता. तो फिटला, नवरा कामावर लागला, हे आठवत नव्हतं.

सासू माझ्याजवळ येऊन हळू आवाजात सांगायला लागली. "रोज दोन टायमाला हेच. सुट्टीच्या दिशी बी तो शर्ट घालून घराच्या मागं जाऊन उभा ऱ्हातो, तिचं जेवन होस्तोवर. आज रजा टाकलीय त्यानं, तरी शर्ट घालून आलाय."

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी मॅडमला माझं नाव का नाही सांगितलं?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमची बी नोकरीच ना," म्हणाली. "आमच्या घरात नोकरीपायी काय झालं ते मी बघत व्हते. आन उपासाचं म्या तरी कुठं सांगितलं कुनाला? बाया करतेतच उपास." मग सुमनला अजून थोडं वरण वाढायला गेली.

मी दाराबाहेर आलो. कैलास व्हरांड्यात भिंतीला लागून उभा होता, दाराच्या फटीतून आत दिसेल पण आतून तो दिसणार नाही असा. लाडक्या माणसाला फसवायची त्याला आता सवय झाली होती, जागा बरोबर सापडली होती त्याला.

मी ठरवून बोललो. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही हे मला माहीत होतं. "कैलास, सलाईन लावा म्हणून मीच सांगितलं होतं तुझ्या आईला. ते करायला नको होतं. सुमनच्या अंगात साखर जाळायला काही उरलं नव्हतं आणि वरून साखरच ओतली. तिचं डोकं गेलं ते त्या बाटल्यांनी. तुझ्या आईनं माझं नाव लपवलं. आणि त्या बुधवारी उपासाचं सुमन मला बोलली होती. मी हसलो, कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी सुई दिली असती." बोलता बोलता माझा आवाज चढला, मला तो आवरेना.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याची नजर त्या फटीतून आतच होती.

"हळू बोला सायेब," तो म्हणाला. "ती जेवायलीय."